कायद्यातला ‘च’

नगरपालिकांचा नवा कायदा आला तेव्हा मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. नगरपालिकेशी माझा संबंध अर्जांपुरता होता. शाळेची इमारत त्यांची, त्यामुळे कौलं गळली की अर्ज, फळा तडकला की अर्ज. माझं अक्षर बरं म्हणून मुख्याध्यापिकाबाई ते सगळे माझ्याकडून लिहून घ्यायच्या. अर्जांना उत्तर येत नसे, पण अक्षराचं कौतुक मात्र कुणाकुणाकडून कानावर येई.

एका दुपारी मधल्या सुट्टीत नगरपालिकेचा शिपाई लाल फडक्यात बांधलेलं कागदांचं बाड घेऊन आला. वर हेडक्लार्कची चिठ्ठी होती. ‘मुख्य अधिकारीसाहेबांच्या सांगण्यावरून नवीन कायद्याचे भाषांतर पाठवीत आहे. फक्त शुद्धलेखन तपासून द्यावे.’ ‘फक्त’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

तोवर गावचा कारभार अध्यक्षांच्या तोंडी हुकमावर चालायचा. त्यांची भाताची गिरणी होती. माणूस अंगानं थोराड, स्वभावानं मऊ. कुठल्या आळीचा नळ आधी सोडायचा, कुठलं गटार आधी उपसायचं, हे ते गिरणीच्या ओट्यावर बसून सांगायचे आणि ते होऊन जायचं. किंवा व्हायचं नाही. नव्या कायद्यानं यात बरीच उलथापालथ केली. सभासदांनी ठरवायचं, अंमलबजावणी मात्र सरकारनं पाठवलेल्या मुख्य अधिकाऱ्यानं करायची, आणि गावानं काय काय करायचं याची यादीच छापून दिलेली. नगरपालिका हे नावसुद्धा जाऊन नगरपरिषद झालं. गाव आपलं ‘मुन्शिपाल्टी’च म्हणत राहिलं.

कायद्याचं पुस्तक इंग्रजीत होतं, जाडजूड. अध्यक्षांचं इंग्रजी बेताचं, पण ते कुणाला कळू नये अशी त्यांची इच्छा. हेडक्लार्क सांगायचे, की अध्यक्ष ते पुस्तक हातात घेऊन पानं उलटतात, मधेच मान हलवतात आणि ‘ठीक आहे’ म्हणून मिटतात. सभासदांतही कुणी भातवाला, कुणी लाकडाच्या वखारीचा मालक, कुणी किराणा दुकानदार. म्हणून हेडक्लार्कनी महत्त्वाचा भाग मराठीत उतरवला होता आणि माझ्याकडे आला होता तो हाच.

मी चार दिवस ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसले. पाचव्या दिवशी अडले. एका कलमात नगरपरिषदेनं करायच्या कामांची लांबलचक यादी होती. रस्त्यांवर दिवे लावावेत, गटारे बांधावीत, जन्ममृत्यूची नोंद ठेवावी, सार्वजनिक शौचकूप व मुताऱ्या बांधाव्यात. पुढच्या पानावर तशीच दुसरी यादी. बागा कराव्यात, झाडे लावावीत, वाचनालये काढावीत, लोकांच्या करमणुकीसाठी वाद्यवादन करवावे. दोन्ही याद्यांत सगळं ‘करावे’च. मग याद्या दोन कशाला?

मी शाळा सुटल्यावर हेडक्लार्कना विचारायला गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“बाई, सरकारचं काम आहे. एकदा लिहून झाल्यावर आणखी काही आठवलं असेल. मग पुढं जोडलं.”

“पण एकाच यादीच्या खाली जोडता आलं असतं की.”

“तुम्ही शुद्धलेखन बघताय ना?”

मी हो म्हटलं आणि परत आले. दुसऱ्या दिवशी बाजारात जे घडलं त्यानं मात्र ती यादी माझ्या डोक्यातून हलेना.

मी मासळी एकाच मावशीकडून घ्यायचे. ती खाडीच्या बाजूची कोळीण, पन्नाशीची, उंच आणि तोंडानं फटकळ. त्या दिवशी मी तिच्यासमोर पिशवी उघडून उभी राहिले, तर ती उठली आणि कोयता माझ्या हातात देऊन म्हणाली, “बाय, जरा बस हितं. पाटीवर नजर ठेव. आलीच मी.”

“कुठं निघालीस?”

“पलीकडं,” एवढंच म्हणाली आणि झपाझप गेली.

मी पाटीपुढं बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गिऱ्हाइकं येऊ लागली. एका बाईनं बोंबलांचा वाटा किती म्हणून विचारलं. मी काहीतरी सांगितलं. तिनं लगेच दोन वाटे उचलले, त्यावरून मला कळायला हवं होतं. मग माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील समोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, कोयत्याकडे बघितलं, “नमस्कार बाई,” म्हणाले आणि काहीही न घेता गेले. ती मुलगी पुढं आठवडाभर वर्गात माझ्याकडे फार मायेनं बघायची. बाईंवर काय वेळ आली, असं घरी बोलणं झालं असावं.

मावशी आली ती अर्ध्या तासानं, साडीला काटे लागलेले. आधी बोंबलांचा भाव ऐकून तिनं मला चांगलंच झापलं. मग पाटीवर पाणी शिंपडत म्हणाली, “काय करू सांग. पुरुषांची मुतारी हाय दारातच. आमाला खाडीच्या झुडपात जायला लागतं. भरती असली का तेबी नाय. आमी पहाटे घरातनं निघतो ते दुपार कलेपत्तोर हितंच. नेऱ्याच्या, विचुंब्याच्या भाजीवाल्या येतात त्यांचाबी तोच हाल. पानीच पीत नाय आमी.”

“अध्यक्षांना सांगितलं का?”

“सांगून जीभ दुखली. बघू म्हनतात. तल्याच्या बागेत फवारा करायचाय म्हनं आधी. मंत्री येनार हाय बटन दाबायला.”

घरी येऊन मी बाड उघडलं. मुताऱ्या पहिल्या यादीत होत्या आणि बाग दुसऱ्या यादीत.

माझे सासरे पनवेलच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि आता दिवसभर ते खिडकीशी बसून घरातली कामं शोधायचे. मी गेले तेव्हा बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होते. मी त्यांना दोन याद्यांचं कोडं सांगितलं.

“मूळ इंग्रजी आणलंस?”

“नाही, मामंजी. मला फक्त—”

“मूळ आण.”

हेडक्लार्ककडे मागायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी सरळ मुख्य अधिकाऱ्यांकडे गेले. तिशीतले, वऱ्हाडातून आलेले, गावात त्यांना कुणी फारसं विचारत नसे. त्यांनी काही न विचारता पुस्तक माझ्या हातात दिलं, आणि ते कलम सापडायला त्रास नको म्हणून की काय, त्यात आधीच एक कागदाची पट्टी घातलेली होती.

मामंजींनी हात धुतले, सदरा घातला आणि मगच पुस्तक उघडलं. दोन्ही पानं वाचली आणि हसू लागले. त्यांना इतकं हसताना मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

“सूनबाई, पहिल्या यादीच्या डोक्यावर शब्द आहे ‘शॅल’. दुसरीच्या डोक्यावर ‘मे’. कोर्टात यावरून माणसं जिंकलेली आणि बुडालेली मी पाहिली आहेत. पहिली यादी म्हणजे कर्तव्य. करायचं म्हणजे करायचं, कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. दुसरी म्हणजे, जमलं तर करा, मुभा आहे. तुमच्या हेडक्लार्कनी दोन्हीचं केलं ‘करावे’.”

आता हा माझ्या प्रांतातला विषय. सातवीच्या मुलींना मी दरवर्षी शिकवत असे, की विध्यर्थ एकच, पण त्यात आज्ञा येते, विनंती येते, इच्छा येते, योग्यताही येते. ‘मुलांनी खरे बोलावे’ आणि ‘आपण एकदा घरी यावे’ यांचं क्रियापद सारखंच दिसतं. हे शिकवताना त्यापायी कुणाला खाडीच्या झुडपात जावं लागत असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मी नवा कागद घेतला. पहिल्या यादीत सगळीकडे ‘केलीच पाहिजेत’, ‘बांधल्याच पाहिजेत’, ‘ठेवलीच पाहिजे’ असं केलं. दुसऱ्या यादीत ‘करता येतील’, ‘लावता येतील’. शुद्धलेखनही तपासलं.

हेडक्लार्कनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, हा ‘च’ कुठून आला? मूळ इंग्रजीत ‘च’ नाही.”

“इंग्रजीत कुठं ‘च’ असतो? पण त्यांच्या शब्दात तो आतच आहे.”

“आतला आत राहू द्या की. तुम्ही बाहेर काढलात.”

“मामंजींना विचारून काढला.”

मामंजींच्या हाताखाली हेडक्लार्कचे मोठे भाऊ कोर्टात कारकून होते. हेडक्लार्कनी कागद ठेवून घेतला, पण संध्याकाळच्या आत बातमी गिरणीवर पोचली. रविवारी सकाळी स्वतः अध्यक्ष आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आले. जिना अरुंद, त्यामुळे वर यायला त्यांना वेळ लागला. मामंजींना नमस्कार केला, चहा घेतला, पोह्यांना नाही म्हणाले आणि मग घेतले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचं भाषांतर छान झालंय. अक्षर तर काय विचारायलाच नको. फक्त तेवढा ‘च’ काढा. फार कडक वाटतो हो. सभासद बिचकतील.”

“काढते की,” मी म्हटलं. “मग त्याच्या जागी काय घालू?”

“‘करावीत’ काय वाईट आहे?”

“वाईट काहीच नाही. आत्ता मी तुम्हाला ‘पोहे घ्यावेत’ म्हटलं. तुम्ही नाही घेतले असते तरी चाललं असतं. कायद्याला तसं चालत नाही.”

अध्यक्षांनी बशीकडे पाहिलं. “मग आणखी काही मऊ सुचवा.”

मामंजी खिडकीशी बसूनच म्हणाले, “‘करणे बंधनकारक आहे’ असं घाल.”

“छे, छे.”

“‘केल्यावाचून गत्यंतर नाही’?” मी विचारलं.

“हे तर अगदी बेड्या घातल्यासारखं झालं.”

“‘न केल्यास सरकार करून घेईल,’” मामंजी म्हणाले. “असंही एक कलम पुढं आहे. तेच इथं आणता येईल.”

 अध्यक्षांनी स्वतःच हिशेब करावा तसं बोटांवर एकेक शब्द म्हणून पाहिला आणि निःश्वास टाकला. “राहू दे. त्यातल्या त्यात ‘च’च मऊ आहे.” जिना उतरताना मात्र अर्ध्यात थांबून म्हणाले, “सभेत वाचून तुम्हीच दाखवा. हेडक्लार्कला तो नीट उच्चारता यायचा नाही.”

सभा शनिवारी दुपारी होती. मासळीबाजारात मी मावशीला सहज बोलले होते, की तुमच्या कामाचं काहीतरी त्या दिवशी वाचणार आहे. मला वाटलं होतं ती एकटी येईल. सभागृहाच्या मागच्या बाकांवर अठरा-वीस बायका बसल्या होत्या. मासळीवाल्या, भाजीवाल्या, सुकापूरची एक दूधवाली. पाट्या त्यांनी बाहेर पायरीवर ओळीनं ठेवल्या होत्या आणि नगरपरिषदेच्या मांजरीला तिथून हलवायला शिपाई उभा केला होता.

मी वाचायला लागले. दिव्यांपर्यंत सगळे शांत होते, गटारांपाशी एका सभासदांना डुलकी लागली. “सार्वजनिक शौचकूप व मुताऱ्या बांधल्याच पाहिजेत आणि स्वच्छ ठेवल्याच पाहिजेत,” असं मी वाचलं तेव्हा मागून मावशीचा आवाज आला.

“बाय, ते परत वाच.”

हेडक्लार्क म्हणाले, “प्रेक्षकांना बोलता येत नाही.” अध्यक्षांनी हातानंच त्यांना थांबवलं. मी परत वाचलं.

“बायकांचा लिवलाय का त्यात?”

मी कागदाकडे पाहिलं. मूळ पुस्तकही समोर होतं. “बायकांचं नाही लिहिलं, मावशी. पुरुषांचंही नाही लिहिलं. सार्वजनिक, एवढंच आहे.”

“मंग सार्वजनिक म्हंजे कोन? आमी हाव का नाय त्यात? तेवढा सांगा, आमी जातो. मासली ऊन खातेय.”

 मी खाली बघत राहिले, कारण मला हसू येत होतं. वखारीचे मालक असलेले एक मुसलमान सभासद होते, वयानं सगळ्यांत मोठे. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “सवाल वाजवी आहे, अध्यक्षसाहेब. जवाब द्यायला हवा.”

अध्यक्षांनी घाम पुसला. “आहात,” ते म्हणाले. “म्हणजे, असणारच. कोण नाही म्हणतंय?”

“मंग ते लिवून घ्या,” मावशी म्हणाली आणि हेडक्लार्कच्या लेखणीकडे बोट दाखवून ती हलेपर्यंत उभी राहिली.

त्याच सभेत बाजारात बायकांसाठी सहा शौचकूप बांधायचा ठराव झाला. कारंज्याचा विषय पुढच्या सभेवर गेला आणि तिथून आणखी पुढच्या.

ठराव झाला म्हणजे झालं असं मला वाटत होतं, पण मावशीला तसं वाटत नव्हतं. महिन्याभरानं ती शाळेतच आली, हातात नकाशाचा निळा कागद. मुख्य अधिकाऱ्यांकडून मागून आणला होता. “काय काढलाय ते सांग मला,” म्हणाली. मी व्हरांड्यात कागद पसरला. दारं सरळ रस्त्याकडे तोंड करून होती. मावशी कपाळाला हात लावून बसली. “म्हंजे आत जाताना सगल्या गावानं बघायचा? कुनी काढला हा?” मी तिच्या सांगण्याप्रमाणे कागदाच्या मागं एक सुधारणा लिहून दिली. दारं खाडीच्या अंगाला, समोर आडभिंत, पाटी ठेवायला ओटा, कडी आतून. ओट्याचं मला कधीच सुचलं नसतं.

ती निघता निघता थांबली. समोर मैदानात मुली लंगडी खेळत होत्या.

“हितं किती पोरी हायत?”

“दोनशेच्या वर असतील.”

“त्या कुठं जातात?”

 शाळेच्या मागं पत्र्याचा एक आडोसा होता, दाराऐवजी गोणपाट. मोठ्या मुली तिथं जात नसत. त्या सकाळपासून घरी जाईपर्यंत पाणी पीत नसत, हे मला ठाऊक होतं. मीही पीत नसे. अकरा वर्षं मी त्या शाळेत होते, कौलांचे आणि फळ्यांचे अर्ज लिहीत होते आणि हा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. त्यात मागण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं.

“कुठं नाही जात,” मी म्हटलं.

 मावशीनं कागदाची सुरळी काखेत मारली आणि ती गेली. तिनं मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

बाजारातलं काम दिवाळीनंतर पुरं झालं. उद्घाटनाचा मोठा पेच पडला. मंत्री बोलवावा असं काम नव्हतं, आणि अध्यक्षांनी बायकांच्या शौचकूपाची फीत कापावी तर ते स्वतःच लाजले. शेवटी काहीच न करता कुलूप काढायचं ठरलं. मी मुद्दाम बघायला गेले होते. मावशीनं पाटी ओट्यावर ठेवली, आत गेली, कडी लावल्याचा आवाज आला. बाहेर सगळ्या बायका आपण काही कामासाठी आलोच नाही अशा इकडंतिकडं बघत उभ्या. ती बाहेर आली, पदर सारखा केला, “बरा हाय, पन पानी लांब ठेवलाय,” म्हणाली आणि मासळी विकायला बसली.

मुख्य अधिकाऱ्यांची बदली पुढच्या उन्हाळ्यात झाली. निरोपाला ते आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, की शुद्धलेखनाचं काम तुम्ही मुद्दाम माझ्याकडे पाठवलं होतं का.

“ताई, मी आल्यापासून या लोकांना ‘शॅल’ म्हणजे काय ते सांगत होतो,” ते म्हणाले. “मी म्हटलं की सरकारचा माणूस दबाव आणतो म्हणायचे. व्याकरणाच्या बाईंना कोण काय म्हणणार?”

मला थोडा राग आला. एखाद्या खेळातल्या सोंगटीसारखं वाटलं. मामंजी मात्र दुसरीकडे बघत होते आणि वाल सोलायची त्यांना एकदम घाई झाली होती. त्या दोघांचं आधी बोलणं झालं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

तोवर माझा अर्ज जाऊन चार महिने झाले होते. ‘शाळेच्या इमारतीत मुलींसाठी शौचकूप बांधण्याबाबत.’ खाली मी कलमाचा आकडा घातला होता, आणि मुख्याध्यापिकाबाईंची सही घेताना त्या म्हणाल्या होत्या, “असलं काही आपण लिहायचं का?” मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही फक्त सही करा. या अर्जाला उत्तर आलं. मंजुरीला आणखी एक पावसाळा गेला, पण दोन खोल्या झाल्या, पत्र्याची दारं, आतून कड्या.

पाण्याचा नळ तेवढा जोडायचा राहिला होता. पहिले पंधरा दिवस सातवीच्या मुली विहिरीवरून बादल्या भरून आणायच्या, आणि शेवटच्या तासाआधी मीही दोन आणायचे. तो तास व्याकरणाचा असे. फळ्यावर लिहिताना माझी बाही कोपरापर्यंत ओली असायची आणि खडू भिजून अक्षर काही नीट उमटायचं नाही.